नकाशाच्या आधी एक पावसाळा

पेडण्यात किंवा डिचोलीत जागा घेऊन घर बांधायला निघालेल्या माणसाला मी एक सल्ला देतो आणि तो बहुतेकांना आवडत नाही: एक पावसाळा जाऊ द्या. गडगा नीट करून घ्या, झाडे मोजून ठेवा, विहीर असेल तर गाळ उपसा, पण नकाशाला हात लावू नका. जूनमध्ये या, जुलैत भर पावसात या, चवथीच्या आधी आणखी एकदा या. वरच्या भाटातून पाणी कोणत्या बाजूने उतरते, कुठे साचते, शेजाऱ्याच्या हद्दीत कसे शिरते, झड कोणत्या अंगाने मारते, एवढे डोळ्यांनी पाहा. मग आर्किटेक्टकडे जा. त्याहून बरे म्हणजे त्याला बरोबर घेऊनच हे सगळे पाहा.

लोकांचा हिशेब निराळा असतो. सनद हातात आली, कर्ज मंजूर झाले, दिवाळीनंतर पाया घेतला तर मे अखेरीस छप्पर चढेल आणि चवथीला गणपती नव्या घरात. हा हिशेब तसा खोटा नाही. गोव्यात बांधकामाचे वर्ष ऑक्टोबरात उजाडते आणि मेमध्ये मावळते, हे इथला कोणताही मेस्त्री सांगेल. पण वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, जिथे पडतो तिथे पाऊस न पाहता काढलेला नकाशा म्हणजे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला न विचारता ठरवलेले लग्न. पहिल्या जूनमध्येच मागच्या भिंतीला पाणी टेकते, मग जोत्याभोवती गटार खणले जाते, मग भिंतीला ओल, मग वॉटरप्रूफिंगवाला. या सगळ्यात जाणारे सिमेंट आणि पैसा कुठल्याच ‘हरित घरा’च्या हिशेबात धरला जात नाही.

पुढच्या पानांत पाया, भिंत, छप्पर, पाणी, वीज यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मला त्यांच्या आधीचे बोलायचे आहे. पर्यावरणाला झेपेल असे घर सोलर पॅनलने किंवा बांबूच्या पार्टिशनने होत नाही. ते पहिली रेघ पडण्यापूर्वी मालक आणि आर्किटेक्ट यांच्यात जे ठरते त्यात होते किंवा बिघडते: घर जागेवर कुठे बसणार, किती मोठे असणार, छप्पर कसले, आणि त्यात खरोखर राहणार कोण. बाकीचे त्यावर चढवलेले दागिने.

जागेपासून सुरुवात करू. गोव्याच्या जुन्या शेतकऱ्याकडे जमिनीची नावे आहेत आणि ती आर्किटेक्टच्या वहीत पहिल्या पानावर असायला हवीत. समुद्राकाठची रेताड ती खेर. मांद्रे, मोरजी, हरमलच्या बाजूला ती दिसते. नदीच्या भरती-ओहोटीला बांध घालून राखलेली खारट शेती ती खाजन. शापोरा आणि तेरेखोलच्या काठांनी ती आहे. उंचावरची पावसाळी शेती ती मोरड. ओढ्याच्या कुशीतली सुपारी-नारळाची बाग ते कुळागर. डिचोली तालुक्यात ती अजून शाबूत दिसतात. आणि वर उघडा, काळसर तांबडा, उन्हाळ्यात मेल्यासारखा दिसणारा तो सडा.

सड्याला पडीक समजण्याची चूक शहरातून आलेला माणूस हमखास करतो. मोपाचा सडा असाच होता. तिथल्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, पुढच्या जानेवारीत विमाने सुरू झाली, आणि पेडण्याच्या जमिनीकडे दिल्ली-मुंबईची नजर वळली. पण सडा म्हणजे पायथ्याच्या झऱ्यांचे आणि विहिरींचे झाकण. जांभ्याच्या भेगांतून मुरलेले पाणी महिनोन्महिने खाली झिरपते आणि कुळागर जगवते. वर घर बांधायचे असेल तर आवार फरशीने मढवू नये, हा सौंदर्याचा नसून खालच्या वाड्यावरच्या माणसाच्या पाण्याचा प्रश्न आहे. डिचोलीवाल्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. लोहखनिजाच्या खाणी भूजलाच्या खाली गेल्यावर शिरगावसारख्या गावात विहिरींचे काय झाले, हे त्यांनी पाहिले आहे आणि न्यायालयात मांडलेही आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले; पण खड्डे आणि डंप जागच्या जागी आहेत. डंपच्या उताराखाली जागा स्वस्त मिळत असेल तर ती का स्वस्त आहे, हे जुलैत कळते.

कागदांबद्दल थोडक्यात. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचे किंवा मुंडकाराचे नाव आहे का, प्रादेशिक आराखड्यात जागा कशात दाखवली आहे, सनद झाली आहे का, विकणाऱ्या पती-पत्नी दोघांच्या सह्या आहेत का (गोव्याच्या नागरी कायद्यात त्या लागतात), किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडची रेषा कुठे, एवढे वकिलाकडून लेखी घ्या. १९९१ च्या कायद्याने कुळाची शेतजमीन दुसऱ्या वापराला घेता येत नाही आणि २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधने आली. एजंट ‘सगळे होते हो’ म्हणेल. झाडांचे तसेच. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने तोडीला परवानगी लागते. या कायद्याच्या व्याख्येतून २०१६ मध्ये माड वगळला गेला, म्हणजे सरकारी भाषेत माड झाड राहिला नाही. पुढच्याच वर्षी त्याला राज्यवृक्ष करायचे ठरले. कायद्याचे असे हेलकावे चालूच राहतात. चांगला आर्किटेक्ट नकाशावर प्रत्येक झाडाचा घेर आणि पसारा दाखवतो आणि घर त्यांच्या मधून काढतो, मग माड कायद्याने झाड असो वा नसो.

आता घराचा चेहरा. गोव्याचे घर म्हटले की जाहिरातीत जे दिसते, बल्कांव, शिंपल्यांच्या खिडक्या, पिवळा-निळा रंग, ते मुख्यतः सासष्टी-बारदेशाचे, जुन्या काबिजादीचे. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे १७८८ मध्ये. तोवर ही सावंतवाडीच्या भोसल्यांची जमीन आणि घरेही त्याच रीतीची: पुढे खळे, मग वसरी, आत माजघर, ऐपत असेल तर चौक म्हणजे राजांगण, मागीलदारी विहीर आणि गोठा. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा हे त्याचे वैभवी टोक, एकामागून एक चौक. साध्या घरात चौक नसे, पण वसरी असे आणि खळे असे. उन्हाळ्यात खळ्यावर माटव, पावसाळ्यात पश्चिमेच्या अंगाला विणलेल्या झावळ्यांचे झाप. ऋतूप्रमाणे घराने कपडे बदलावेत तसे. मांद्र्यात आज जे ‘पोर्तुगीज व्हिला’ उभे राहतात त्यांना ना हा शेजार आठवतो ना तो. याचा अर्थ जुन्या घराची नक्कल करा असा नाही. नक्कल करायचीच तर वसरीची खोली आणि वळचणीची लांबी करा. खांबांचे नक्षीकाम सोडून द्या.

या भागाचे सर्वांत मोठे धन पायाखाली आहे: चिरा. साखळीजवळची हरवळ्याची लेणी जांभ्यातच कोरलेली आहेत, म्हणजे या दगडाशी इथल्या माणसाची ओळख निदान तेरा-चौदाशे वर्षांची. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या अंगाडिपुरमच्या जांभ्याचे वर्णन लिहून ठेवले, त्यात खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो, हे नोंदले आहे. आपल्या चिरेखाणीवरच्या माणसाला ते कुणी लिहून द्यावे लागले नव्हते. ताजा चिरा ओला, जड, कोयत्याने सहज तासता येईल असा. काही महिने उन्हात रचून ठेवला की खणखणीत वाजतो. घाईचे काम असेल तर खाणीवरून निघालेला ट्रक त्याच दिवशी भिंतीत जातो आणि मग भिंत वर्षभर घाम गाळते. म्हणून पावसाळा संपताच चिरे मागवून आवारात रचून ठेवणे, आणि बांधकाम नंतर सुरू करणे, हा वेळापत्रकातला भाग आहे. मेस्त्री चिऱ्यावर टिचकी मारतो, आवाज ऐकतो, पांढऱ्या मातीचे खिसे असलेला बाजूला टाकतो. तो बाजूला टाकलेला ढीग वाया जात नाही, गडग्याला लागतो. पण ठेकेदाराशी दर ठरवताना हा ढीग धरलेला असावा, नाही तर तो गुपचूप भिंतीत जातो.

चिरा सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि सोडतो. भिंतीवर बाहेरून प्लास्टिक पेंटचा पापुद्रा चढवला की पिणे थांबत नाही, जोत्यातून ते चालूच असते. फक्त सोडणे थांबते. मग दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात आणि मालक रंगाच्या कंपनीला शिव्या देतो. चुन्याचा गिलावा किंवा चुन्याची सफेदी या भिंतीला श्वास घेऊ देते. गोव्यात हा चुना शिंपले भाजून होत असे. आज चांगला चुना आणि तो लावणारा हात दोन्ही शोधावे लागतात. कामही सिमेंटच्या गिलाव्याहून हळू चालते. म्हणून माझे मत असे की बाहेरून चिरा उघडाच ठेवावा, सांधे नीट भरावेत, आणि वाचलेला पैसा वळचण लांब करण्यात घालावा. पेडण्याच्या एका जुन्या मेस्त्रीने मालकाला विचारलेला प्रश्न मला पटतो: “बाब, झाकूनच टाकायचा होता तर इतका निवडून चिरा कशाला आणायला लावलात?” सिमेंट कमी वापरण्याला आणखी एक कारण आहे. चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवून क्लिंकर होतो आणि त्या एका टनामागे पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला मोठा वाटा इंधनाचा नसून दगडातूनच सुटतो. कारखाना कितीही सुधारला तरी तो वाटा हटत नाही. न लावलेली पोती हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

छपराबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण इथेच सर्वांत जास्त पैसा दोनदा खर्च होतो. गोव्यातला गेल्या काही दशकांचा क्रम ठरलेला आहे: आधी सपाट स्लॅब, मग गळती, मग स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि रंगीत पत्रे. एका घराला दोन छपरे. त्यातले पहिले, सर्वांत महागडे, केवळ उन्हाळ्यात दिवसभर तापून रात्री घरातल्यांना भाजण्यासाठी. पेडणे साडेपंधरा अंश अक्षांशाच्या जरा वर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन उकाड्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही; सगळे छप्पर खाते, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंती. उत्तर भारतातल्या पुस्तकातून ‘दक्षिणेला सज्जा’ उचलून आणणाऱ्याने हे एकदा तपासावे. इथे पश्चिमेला सावलीही हवी आणि झडीपासून आडोसाही, आणि दोन्ही कामे तीन-चार फुटांची वळचण करते.

कौलारू छप्पर म्हणजे सगळे सुखाचे असे मात्र नाही. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला आणि पुढे ती साऱ्या किनाऱ्यावर पोचली. त्याआधी हाताने केलेले नळे होते. दोन्हींना दर मेमध्ये शाकारणी लागते. आणि माकडे. डिचोलीत कौलारू घरवाल्याशी पाच मिनिटे बोला, तिसऱ्या मिनिटाला माकडे येतील. एक टोळी उड्या मारत गेली की पन्नास कौलांचा चुरा. लोक स्लॅबकडे आणि पत्र्याकडे वळले ते सगळेच फॅशनपायी नव्हे, हे शहरी आर्किटेक्टने मान्य करायला हवे. उपाय आहेत: कौलांखाली छताच्या चपट्या कौलांचा दुसरा थर, म्हणजे वरचे फुटले तरी पाणी थेट आत येत नाही आणि मधली हवा उष्णता अडवते, फणसाची फांदी छपरावर येणार नाही इतके अंतर, चढून कौल बदलता येईल अशी शिडीची जागा. हे सगळे नकाशातच असावे लागते. लाकडासाठी जुन्या घरांचे सागवान मिळते आणि ते चांगलेही असते. पण एक विचारून घ्या: ते घर पडलेले होते की लाकडासाठी पाडले? वारसांत वाटण्या न झाल्याने कुलूप लागलेली घरे दोन्ही तालुक्यांत रग्गड आहेत. त्यातले एखादे दुरुस्त करायला मिळाले तर नवे बांधण्याचा विषयच मिटतो. आर्किटेक्टने हा पर्याय पहिल्याच भेटीत काढावा, त्याची फी कमी होत असली तरी.

पाण्याचे गणित मालकाने स्वतः करून पाहावे, कारण त्यात फसवणूक सोपी आहे. शंभर चौरस मीटर छप्पर आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. गळती-बाष्प वजा जाता अडीच लाखांच्या आसपास हाती येईल. माणशी १३५ लिटर या सरकारी मापाने चौघांना दिवसाला ५४० लिटर, वर्षाला दोन लाखांहून थोडे कमी. गणित सुटले असे वाटते. पण पाऊस पडतो तेव्हा पाण्याची वाण नसते. टंचाई फेब्रुवारी ते मे. त्या १२० दिवसांचे ६५ हजार लिटर होतात आणि ते साठवायला पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, अडीच मीटरहून खोल टाकी लागते, म्हणजे जमिनीखाली एक अख्खी खोली आणि तिचे काँक्रीट. नकाशात पाच हजार लिटरची टाकी दाखवून शेजारी ‘पर्जन्यजल संधारण’ लिहिले असेल तर ते नऊ दिवसांचे पाणी आहे, हे आर्किटेक्टला नम्रपणे सांगा. आमच्या जमिनीत खरा साठा विहीर आणि जांभा. छपराचे पाणी गाळून विहिरीच्या वरच्या अंगाला मुरवले, आवार उघडे ठेवले आणि वापर कमी केला तर फरक पडतो. हाच सच्छिद्र जांभा सेप्टिक टँकचे पाणीही तितक्याच सहजपणे विहिरीत पोचवतो. नियमातले १५ मीटर अंतर कागदावर ठीक, पण उताराची दिशा त्याहून महत्त्वाची. शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगालाच हवा, शेजाऱ्याची विहीरही धरून. मोरीचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून काढले तर केळींना घालता येते.

आता माणसांकडे. १९४५ मध्ये भारतात आलेल्या लॉरी बेकर या इंग्रज आर्किटेक्टवर गांधीजींच्या एका सूचनेचा आयुष्यभर परिणाम राहिला: घराचे सामान पाच मैलांच्या परिसरात मिळणारे असावे. केरळात बेकरांनी ते विटेत करून दाखवले. अतुल देऊळगावकरांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला हे ठाऊक आहे. गोव्यात हा विचार आणणाऱ्यांत जेरार्ड द कुन्हा यांचे नाव पहिले घ्यावे लागते. बारदेशातल्या तोर्डा येथे त्यांनी उभारलेले ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे जहाजाच्या आकाराचे संग्रहालय घर बांधू पाहणाऱ्याने एकदा बघावेच. त्यांच्याबरोबर सुरुवातीची वर्षे काम केलेले डीन डिक्रूझ यांनी पुढे घरांबरोबर गोव्याच्या जमीन-नियोजनातही लक्ष घातले, आणि मला ते जास्त मोलाचे वाटते. पण बेकरांचे नाव घेत डिचोलीत विटांच्या जाळीदार भिंती उभारणारे पाहिले की हसू येते. बेकरांकडून घ्यायचा तो पाच मैलांचा प्रश्न. डिचोलीत त्याचे उत्तर चिरा आहे, कुंभारांची माती आहे, माड, फणस आहे. मोरजीच्या खेरीत उत्तर निराळे येईल, तिथे वजनाने हलके आणि वाळूच्या टेकड्यांपासून मागे सरकलेले बांधकाम हवे.

आर्किटेक्ट निवडताना लोक फोटो बघतात. फोटो बहुधा बांधकाम संपल्यावरच्या पहिल्या डिसेंबरात काढलेले असतात. त्याने पाच-सात वर्षांपूर्वी बांधलेले घर बघायला मागा, आणि ते ऑगस्टमध्ये बघा. मालकिणीला एकटीला गाठून विचारा, पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात. नोंदणी आहे का हे तर पाहावेच. १९७२ च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. फीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. बांधकाम-खर्चाच्या टक्केवारीत फी ठरवायची रूढी आहे. म्हणजे आर्किटेक्टने डोके लढवून तुमचे दहा लाख वाचवले की त्याचीच कमाई घटते. कमी बांधायचे हे जिथे ध्येय आहे तिथे ठोक रक्कम ठरवावी, टप्प्याटप्प्याने द्यावी, आणि जागेवरच्या भेटी त्यात लिहून घ्याव्यात: पाया खणल्यावर, जोते झाल्यावर, चौकट बसताना, छप्पर चढताना. या चार वेळी तो आला नाही तर नकाशा कितीही चांगला असो, घर ठेकेदाराचे होते.

आणि मालकाची जबाबदारी? त्याने ‘तीन बेडरूम, मोठा हॉल’ असे सांगू नये. दिवस सांगावा. सकाळी पहिले कोण उठते, मासळी कुठे साफ होते, आई अजून पाटावर बसून खोबरे किसते का, मुंबईचा भाऊ वर्षातून किती दिवस येतो. हॉलचे उदाहरण घ्या. हॉल मोठा हवा तो चवथीसाठी, घरची पंचवीस-तीस माणसे आरतीला उभी राहतात म्हणून. वर्षाचे बाकीचे दिवस त्यात दोन माणसे टीव्ही बघतात. हे एकदा बोलले गेले की आर्किटेक्ट हॉल लहान करून मधले दरवाजे दुमडणारे देतो, वसरी आणि हॉल एक होतात. मग पुढचा प्रश्न: माटोळी कशाला बांधणार? फळा-फुलांनी लदलेली चौकट वजनदार असते. पीओपीच्या छताला खिळा ठोकून ती राहत नाही. तुळईला चार कड्या आधीच बसवायला हव्यात. बाहेरून आलेल्या आर्किटेक्टला माटोळी ठाऊक नसेल तर दोष त्याचा नाही, सांगितले नाही त्याचा. अशा संभाषणातून दोनशे चौरस फूट कमी झाले, तर ते कोणत्याही पॅनलपेक्षा जास्त काम करतात: तेवढे चिरे, तेवढे लोखंड, तेवढे छप्पर, आणि आयुष्यभराची तेवढी झाडलोट.

गावाचीही एक बैठक असते. काम सुरू करताना जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. त्याला जुनाट म्हणून हसू नये. त्या निमित्ताने शेजारी जमतात आणि पाण्याची जुनी वाट, बुजवलेली विहीर, पायवाटेचा हक्क अशा नकाशावर नसलेल्या गोष्टी बोलल्या जातात. जागेत रोयण, म्हणजे वारूळ, निघाले तर अधिक जपून. ज्या गावांत सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते तिथे ठेकेदाराने पहाटे ते गुपचूप जेसीबीने सपाट केले की पुढची दोन वर्षे गावात कोणी धड बोलत नाही. आणि जोत्याखाली वाळवीचे औषध मात्र सगळेच मारतात, भक्तसुद्धा.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. पेडण्यात आज बांधल्या जाणाऱ्या अनेक घरांत कोणी राहणार नाही. मालक वर्षातून काही आठवडे येईल. घरांसाठी केंद्राची २०१८ ची ‘इको निवास संहिता’ आहे, ‘गृह’चे तारांकन आहे. भिंतीतून किती उष्णता आत येते ते त्यांत मोजले जाते. घरात कोणी राहते का, हे त्यांना विचारता येत नाही. बंद घर गोव्याच्या पावसाळ्यात सडते. गाद्यांना बुरशी, कपाटांना वाळवी, म्हणून मग एसी टायमरवर, ओलावा घालवायला, रिकाम्या घरात. छपरावर तीन किलोवॅटचे पॅनल बसवून ७८ हजारांचे केंद्रीय अनुदान घ्यावे आणि ती वीज रिकाम्या खोल्या कोरड्या ठेवण्यात जावी, याला काय म्हणायचे? येऊन-जाऊन राहणाऱ्या मालकाने लहान घर बांधावे, वरच्या झरोक्यांतून वारा खेळता ठेवावा, भिंतीत कपाटे न करता उघड्या फळ्या ठेवाव्यात, आणि गावातल्या एखाद्या कुटुंबाला आवारात राहण्याजोगी जागा बांधून द्यावी. मुंडकाराचा हक्क लागेल या भीतीने लोक हे टाळतात. वकिलाकडून नीट करार करून घेता येतो.

पॅनल लावायचेच असतील तर कौले चढण्यापूर्वी दक्षिणेच्या पाख्यावर त्यांचे हूक बसवून घ्या. जमिनीतल्या नळ्या आणि तारा बुजवण्यापूर्वी त्यांचे फोटो फूटपट्टी ठेवून काढा, आणि प्रत्यक्ष जसे झाले तसे नकाशे आर्किटेक्टकडून मागून घ्या. शेवटचा हप्ता त्यानंतरच. पुढचे प्रकरण उताराच्या कंटूर नकाशापासून सुरू होते. ते वाचताना आपल्या जागेचा सर्वे प्लॅन शेजारी उघडून ठेवावा.